‘एचआयव्हीवाले कोण?’: तपासणी गुप्त राहते म्हणजे नेमकं काय

२०१९ चा उन्हाळा. सोलापुरातल्या एका खासगी लॅबमध्ये मी तेव्हा टेक्निशियन होतो. सकाळचे आठ वाजलेले, म्हणजे उपाशीपोटी शुगर द्यायला आलेल्यांची गर्दी. आठ खुर्च्या, दहा-बारा माणसं, घरघरणारा कूलर. काउंटरवरच्या बाईंनी पावत्यांच्या गठ्ठ्यातली वरची उचलली आणि रोजच्यासारखा आवाज दिला, "एचआयव्हीवाले कोण आहेत ओ? आत या."

सगळ्यांच्या माना वळल्या. भिंतीला टेकून एक पंचविशीतला मुलगा उभा होता. रात्रपाळी उरकून थेट कारखान्यातून आला असावा, केसांत सुताची पांढरी लव तशीच होती. तो आत आला नाही. चप्पल घातली, जिना उतरला, आणि खालून गाडीला किक मारल्याचा आवाज आला. पैसे आधीच भरले होते. ते मागायलाही तो परत फिरकला नाही.

बाई काही वाईट नव्हत्या. शुगरवाले, थायरॉइडवाले, तसे एचआयव्हीवाले, एवढंच त्यांच्या डोक्यात. गंमत म्हणजे, असं ओरडणं ज्यात बसत नाही तो कायदा तेव्हा लागू होऊन आठ-नऊ महिने झाले होते. आमच्या लॅबमध्ये तो कुणीही ऐकलेला नव्हता. मीही नाही.

दर १ डिसेंबरला रॅली निघते, बॅनरवर ‘तपासणी करा, नाव गुप्त ठेवले जाईल’ असं छापलेलं असतं. नंतर ओळखीतलं कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, ‘गुप्त म्हणजे किती गुप्त?’ यावर दोन तयार उत्तरं मिळतात. ‘शंभर टक्के, काळजीच नको’, किंवा ‘सिव्हिलच्या पायरीवर चढलास की अशोक चौकापर्यंत बातमी’. दोन्ही चुकीची आहेत. खरं काय ते जरा सविस्तर सांगतो.

आधी रक्ताचं बघू

एचआयव्ही हा विषाणू. एड्स ही उपचाराविना बरीच वर्षं गेल्यावर येणारी त्याची पुढची अवस्था. तपासणी विषाणूच्या खुणांची असते. बोटाला टोचून काढलेला थेंब किंवा शिरेतलं रक्त एका छोट्या किटवर टाकतात आणि अर्ध्या तासाच्या आत कळतं. ठरलेल्या जागी रेष उमटली तर ‘रिॲक्टिव्ह’, नाही उमटली तर ‘नॉन-रिॲक्टिव्ह’.

एक किट रिॲक्टिव्ह आलं म्हणजे माणूस पॉझिटिव्ह ठरला, असं नाही. पाचशेच्या नोटेची शंका आली की आपण आधी दुकानदाराला दाखवतो, मग शेजारच्याला, शेवटी बँकेत. तसंच इथे. सरकारी पद्धतीत वेगवेगळ्या बनावटीच्या तीन किटवर रिॲक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह हा शब्द वापरत नाहीत. गोपनीयतेच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे. पहिल्याच किटवरून कुणी बाहेर बोललं, तर जी बातमी फुटते ती कदाचित खरीही नसते. पण फुटलेली बातमी मागे घेता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी पेरली आणि दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहिलं, तर नुसती माती दिसते. पेरलंच नाही असं त्यावरून म्हणता येत नाही. विषाणू शिरल्यावर रक्तात त्याच्या खुणा दिसायला असाच काही काळ जातो, त्याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. बोटाच्या थेंबावरच्या साध्या किटला ९० दिवस धरावेत. शिरेतल्या रक्तावर लॅबमध्ये होणारी नव्या पिढीची तपासणी ४५ दिवसांत बहुतेक सगळं पकडते. आणि धोका कालपरवाच झाला असेल तर तपासणीची वाट बघत बसूच नका. ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात गेलात तर २८ दिवस घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या आहेत. जितकं लवकर तितकं बरं. लाजेपायी हे तीन दिवस घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

गुप्तदान आणि पावती

आता मूळ मुद्दा. सिद्धेश्वराच्या देवळात पैसे दोन तऱ्हांनी देता येतात. दानपेटीत नोट टाकली की झालं. ती कुणाची, हे देवालाच ठाऊक. किंवा पावती फाडायची. मग नाव वहीत जातं, पण ती वही ज्याच्या ताब्यात आहे त्यानं चौकात वाचून दाखवायची नसते.

पहिली तऱ्हा म्हणजे निनावी. दुसरी म्हणजे गोपनीय. आपल्याकडची एचआयव्ही तपासणी दुसऱ्या प्रकारची आहे. बॅनरवरचं ‘गुप्त’ वाचून लोकांना वाटतं दानपेटी असेल. आत गेल्यावर नाव, वय, पत्ता विचारला की त्यांना फसवल्यासारखं होतं आणि ते उठून जातात. फसवलेलं नसतं. शब्दच धड समजावून सांगितलेला नसतो.

नाव लागतंच कशाला? कारण रक्त दिल्यावर काम संपत नाही. निकाल योग्य माणसाच्याच हातात पडायला हवा, पॉझिटिव्ह असेल तर उपचार सुरू व्हायला हवेत, तो आला नाही तर त्याला बोलवायला हवं. गुप्तदान करणाऱ्याला नंतर प्रसाद पाठवता येत नाही, त्यातलंच हे.

म्हणून ‘नाव लिहितात का?’ यापेक्षा ‘नाव लिहिलेली वही कुणाकुणाच्या हातात जाते?’ असं विचारा. तिथून सरकारी केंद्र आणि खासगी लॅब यांचे रस्ते वेगळे होतात.

सरकारी केंद्रात

सरकारी तपासणी जिथे होते त्याला ‘आयसीटीसी’ म्हणतात, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी एकाच ठिकाणी. आपल्याकडे सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आणि पंढरपूरसारख्या ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयात ही सोय आहे. पैसे लागत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आधार कार्डाची सक्ती नाही. केसपेपरच्या खिडकीवर हल्ली क्यूआर स्कॅन करून ‘आभा’ नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक, काढायला सांगतात. तो नंबर ऐच्छिक आहे. नको असेल तर नको म्हणावं आणि साधा कागद घ्यावा.

केसपेपरच्या खिडकीवर ‘एचआयव्ही’ म्हणायचीही गरज नाही. मागं वीस माणसं असतात. आयसीटीसीची खोली विचारून थेट तिकडे जाता येतं.

आत समुपदेशक असतो. दार लावून बोलणं होतं, निदान व्हायला हवं. तो तुमच्या वागण्याचा न्याय करायला बसलेला नसतो. तपासणी म्हणजे काय, निकाल काहीही आला तर पुढे काय, हे सांगतो आणि मगच तुमची संमती घेतो. ‘नको’ म्हणून उठायचा हक्क या क्षणापर्यंत आणि यानंतरही आहे. मग रजिस्टरमध्ये नोंद होते आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. रक्ताच्या नळीबरोबर पुढे जातो तो हा क्रमांक. निकाल समुपदेशकानं तुमच्याच हातात, समोरासमोर द्यायचा असतो. फोनवर नाही, भावाच्या हातात नाही, ‘मी त्याचा साहेब आहे’ म्हणणाऱ्याच्या हातात तर नाहीच.

पद्धत ही अशी आहे. दाराला कडी नसणं, खोलीत शिकाऊ पोरं उभी असणं, मधेच कुणी रजिस्टर मागायला येणं, हेही होतं. तसं झालं तर ‘बाकीचे बाहेर गेले की बोलतो’ असं सरळ म्हणा. याला उद्धटपणा म्हणत नाहीत.

"तू हितं काय करालास बे?"

हा प्रश्न कायद्यातून नाही, कॉरिडॉरमधून येतो. सोलापूर तेवढं मोठं शहर नाही. सिव्हिलला गेलं की मावशीची जाऊ, गल्लीतला रिक्षावाला, जुना मास्तर, कुणीतरी भेटतंच. पूर्व भागात तर एकाच वाड्यातली चार बिऱ्हाडं एकाच कारखान्यात असतात.

पण त्या दारासमोर कोण कोण बसलेलं असतं ते एकदा नीट बघा. नाव नोंदवायला आलेल्या जवळपास सगळ्या गरोदर बायका तिथे पाठवल्या जातात. टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही तपासणी करायची असते, तेही तिथेच येतात. कुणी बायकोची पिशवी धरून बसलेला असतो, कुणी पत्ता चुकलेला. त्या बाकावर बसल्यानं काही सिद्ध होत नाही. कुणी विचारलंच तर ‘खोकला आहे, डॉक्टरांनी सगळं तपासून यायला सांगितलंय’ हे उत्तर खोटंही वाटत नाही आणि लांबतही नाही.

तरी धीर होत नसेल तर गाव बदला. आपल्याच जिल्ह्यातलं केंद्र धरायला हवं असं बंधन नाही. सोलापूरचा माणूस पंढरपूरला जातो, पंढरपूरचा सोलापूरला येतो, आणि दोघांनाही वाटतं आपण फार हुशारी केली. पुण्याला कामानिमित्त जाणं असेल तर तिथे. कुठे जावं हेच कळत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, जवळचं केंद्र विचारता येतं. तिथे फोन करताना नाव सांगायची गरज नाही. ही मात्र खरी दानपेटी आहे.

"खोटं नाव सांगितलं तर?"

लोक सांगतात. तपासणीपुरतं ते खपूनही जातं, कारण कुणी ओळखपत्र घेऊन पडताळत बसत नाही. निकाल निगेटिव्ह आला तर विषय तिथेच मिटतो.

अडचण पॉझिटिव्ह आल्यावर होते. रिपोर्ट ‘राजू’ नावाचा आणि औषध घ्यायला आलेला माणूस वेगळ्याच नावाचा. मग सगळं पुन्हा, पुन्हा तीन किट, पुन्हा तीच वाट बघणं. शिवाय खोटा मोबाईल नंबर दिला असेल तर निकालाला न आलेल्या माणसाला शोधायचं कसं? माझं मत विचाराल तर नाव खरं सांगा. मोबाईलबाबत मात्र स्पष्ट बोला, ‘या नंबरवर फोन करू नका, घरात दुसरं कुणीही उचलतं.’ तशी नोंद करता येते.

खासगी लॅब: मशीन बोलत नाही, माणसं बोलतात

खासगीत गेलं की गुप्त राहतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पैसे मोजले की सन्मान मिळतो या हिशोबानं. मी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो, सरकारी केंद्रात निदान दार लावून बसणारा एक समुपदेशक असतो. बहुतेक खासगी लॅबमध्ये तो नसतो. तिथे काउंटर असतं.

नळीवर बारकोड चिकटतो, सँपल रात्रीच्या गाडीनं पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला जातं, तिथलं मशीन हजार नळ्या तपासतं. तुम्ही कोण, हे तिथे कुणालाच पडलेलं नसतं. गळती त्या मशीनमधून होत नाही. ती होते सोलापुरातल्याच चार-पाच साध्या जागांतून.

एक म्हणजे पुकारा. त्याबद्दल वर सांगितलंच. पैसे भरतानाच म्हणा, ‘मला नावानं किंवा नंबरानं बोलवा, तपासणीचं नाव घेऊ नका.’ तोंडानं सांगायचा संकोच वाटला तर तपासणीचं नाव चिठ्ठीवर लिहून काउंटरवर सरकवा. आम्हाला अशा चिठ्ठ्या मिळायच्या. त्या देणारे शहाणे.

दुसरी जागा मोबाईल. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. कुठल्या नंबरवर? दोन वर्षांपूर्वी आईची शुगर तपासली तेव्हा लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये जो नंबर टाकला होता त्याच नंबरवर. काउंटरवरचा मुलगा आडनाव टाकतो, जुनी नोंद वर येते, तो पुढं चालू करतो. त्यामुळे ‘रिपोर्ट कुठल्या नंबरवर जाणार?’ हे विचारून, स्क्रीनवर बघून घ्या. लॅबचं ॲप सगळं घर एकाच लॉगिननं वापरत असेल तर तिथेही तोच घोळ. सर्वांत सोपं म्हणजे, ‘ऑनलाइन पाठवू नका, मी स्वतः येऊन नेतो.’

तिसरी जागा पावती. आमच्याकडे जो पावती दाखवेल त्याला रिपोर्ट मिळायचा. म्हणजे पावती ज्याच्या खिशात, रिपोर्ट त्याचा. पावतीवर तपासणीचं नावही ठसठशीत छापलेलं. ती शर्टाच्या खिशात राहिली आणि शर्ट धुवायला पडला की पुढं काय होतं ते सांगायला नको. तसंच फोनपेचं. खातं बायकोच्या किंवा वडिलांच्या फोनवर असेल तर लॅबचं नाव तिथे दिसतं. दीड-दोनशे रुपये वाचवायचे म्हणून कंपनीच्या मेडिक्लेममधून बिल काढायला गेलात, तर ते बिल ऑफिसच्या टेबलावरून फिरून येतं. अशा वेळी रोख द्यावी.

चौथी जागा डॉक्टर. पावती करताना ‘कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं?’ असं विचारतात. सवयीनं आपण फॅमिली डॉक्टरांचं नाव सांगतो आणि रिपोर्टची एक प्रत तिकडे जाते. डॉक्टर गप्प बसतील, पण त्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर तुमच्याच गल्लीत राहतो. स्वतःहून आला असाल तर ‘स्वतः’ एवढंच सांगा.

घरी येऊन रक्त नेणारा मुलगाही लॅबचं नाव छापलेली बॅग घेऊन येतो. ज्या गल्लीत शेंगाची चटणी कुणाकडे कुटली जातेय हे वासावरून कळतं, तिथे ही बॅग दिसणारच.

"रक्तदान करतो, फुकटात कळेल"

नका करू. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी होते हे खरं. पण विंडो पिरियडमधलं रक्त तिथेही निसटू शकतं आणि ते थेट एखाद्या बाळंतिणीला किंवा अपघातातल्या माणसाला चढतं. शिवाय तिथे तुम्ही नाव-पत्ता-फोन सगळं खरं लिहून दिलेलं असतं. म्हणजे गुप्ततेच्या हिशोबानंही हा सौदा तोट्याचाच.

कायदा काय म्हणतो

‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा’ २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याआधी असा धड आधार नव्हता. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. रुग्णालयातून माणसाची एचआयव्हीची माहिती बाहेर गेली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालयानं रुग्णालयाला दोषी धरलं नाही, कारण होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका होता. उलट अशा माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दलच निकालात प्रतिकूल मतं मांडली. ती २००२ साली त्याच न्यायालयानं बाजूला ठेवली. बरीच वर्षं डॉक्टर-वकिलांच्या बोलण्यात या निकालाचा हवाला यायचा.

नव्या कायद्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि ती संमती समजून-उमजून दिलेली हवी. मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेल्या ओळीखाली सही घेणं म्हणजे संमती नव्हे. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे. विश्वासानं कळलेली एचआयव्हीची माहिती तुमच्या लेखी संमतीशिवाय पुढे सांगायची नाही. आणि ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत त्यांनी त्या जपून ठेवायच्या, मग तो कॉम्प्युटर असो की रजिस्टर. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा उपचारासाठी ‘आधी एचआयव्ही तपासून या’ अशी अट घालायलाही बंदी आहे.

अपवाद आहेत. न्यायालयाचा आदेश असेल तर. नावं काढून नुसते आकडे द्यायचे असतील तर. आणि उपचारासाठी गरज असेल तेव्हा एक डॉक्टर दुसऱ्या उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगू शकतो. वॉर्डबॉय, वॉचमन, कॅन्टीनवाला यांना सांगायची तरतूद कुठेही नाही.

बायकोला सांगतील का? नवऱ्याला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच.

ऊठसूट सांगत नाहीत. कायद्यानं हा अधिकार फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला दिला आहे आणि त्याआधी पायऱ्या घातल्या आहेत. जोडीदाराला खरोखर मोठा धोका आहे असं वाटायला हवं. आधी तुम्हाला समजावून, तुम्हीच सांगा म्हणून पाठीशी उभं राहायला हवं. तुम्ही सांगणारच नाही अशी खात्री पटायला हवी. ‘आता मी सांगणार आहे’ हे तुम्हाला कळवायला हवं. मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. फोन नाही, चिठ्ठी नाही, सासूमार्फत निरोप तर नाहीच. आणि बाई पॉझिटिव्ह असेल, सांगितल्यावर तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर डॉक्टरनं नवऱ्याला सांगायचं नाही, असंही कायदा म्हणतो.

काहींना हे पटत नाही. ‘मग त्या बिचाऱ्या बायकोचं काय? तिच्या जिवापेक्षा याची अब्रू मोठी?’ हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. म्हणूनच पॉझिटिव्ह माणसावरही कायद्यानं जबाबदारी टाकली आहे, की समज दिल्यावर जोडीदाराला लागण होऊ नये याची काळजी त्यानं घ्यायची, त्यात संबंधाआधी सांगणंही आलं. पण पहिल्याच दिवशी घरी कळणार असं वाटलं तर तपासायला कोण येईल? न तपासलेला नवरा बायकोसाठी जास्त धोक्याचा, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. औषध सुरू होऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शारीरिक संबंधातून तो पुढं जात नाही, हे आता पक्कं सिद्ध झालेलं आहे. त्या टप्प्याला पोचायचं तर आधी माणूस दारात यायला हवा.

गरोदर बाईची गोष्ट अजून निराळी. तिच्या तपासणीमागे सबळ कारण आहे, वेळेत औषध मिळालं तर बाळाला लागण व्हायचा धोका अगदी थोडा उरतो. पण बरोबर सासू आलेली असते आणि फाइल सासूच्या हातात असते. चांगला समुपदेशक सुनेला एकटीला आत बोलावतो. निकाल तिचा आहे. सासूला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे तिनं ठरवायचं.

ऑपरेशनच्या आधीची ‘रुटीन’

हर्निया असो की सिझेरियन, रक्ताच्या यादीत एचआयव्ही असतंच आणि बहुतेकदा पेशंटला ते सांगितलेलंही नसतं. ते सांगून, संमती घेऊनच करायला हवं. काही ठिकाणी निकाल फाइलवर लाल शाईनं ठळक लिहितात किंवा कॉटच्या डोक्याशी पाटी लावतात. ते गैर आहे, पूर्णविराम.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतात, ‘सुई आम्हाला लागते, तुम्हाला नाही.’ बरोबर आहे. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता साधारण ३०० मध्ये १ असते, आणि लगेच प्रतिबंधक गोळ्या घेतल्या तर त्याहून बरीच कमी. पण विंडो पिरियडमधल्या पेशंटचा रिपोर्ट स्वच्छ येतो, हे डॉक्टरांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? म्हणून हातमोजे, चष्मा, सुयांची नीट विल्हेवाट ही खबरदारी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची असते, आणि ती साधनं कर्मचाऱ्यांना देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. लाल शाईनं सुई बोथट होत नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर कागद वाढतात

हे लपवण्यात अर्थ नाही. निगेटिव्ह माणसाची एक ओळ रजिस्टरमध्ये राहते. पॉझिटिव्ह माणसाची फाइल होते, उपचार केंद्रात नोंद होते, ठराविक दिवसांनी औषधाला जावं लागतं. सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून मोफत आहे, आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात, तब्येत ढासळायची वाट बघत नाहीत. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यात सर्वांत जास्त महाराष्ट्रात. म्हणजे त्या रांगेत तुम्ही एकटे नसता, आणि त्या रांगेतला प्रत्येक जण तुमच्याइतकाच गप्प बसण्यात हुशार असतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढतात आणि गोळ्या रिकाम्या च्यवनप्राशच्या डब्यात ठेवतात. घरात सगळ्यांना वाटतं, काकांना च्यवनप्राशचं भारी वेड.

आणि फुटलंच तर?

शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत एक तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. दवाखाना असेल तर वीस माणसांनाही हा नियम लागतो. तिथे लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. त्याच्यावर राज्य सरकारनं नेमायचा लोकपाल असतो. त्यानं ३० दिवसांत आदेश द्यायचा, आणि उपचार अडले असतील तर २४ तासांत. आदेश मोडला तर १० हजार रुपयांपर्यंत दंड, तरीही मोडत राहिलं तर दिवसाला ५ हजारांपर्यंत. खटला करायचा झाला तर न्यायालयाला सांगून टोपणनावानं करता येतो. डॉक्टरनंच बाहेर सांगितलं असेल तर वैद्यकीय परिषदेकडे जायचा रस्ता वेगळा.

दात फार तीक्ष्ण नाहीत, हे मी मान्य करतो. शिवाय तक्रार करायची म्हणजे पुन्हा चार लोकांना तीच गोष्ट सांगायची. बहुतेक जण म्हणूनच गप्प बसतात. तरी ‘हे २०१७ च्या कायद्यात बसत नाही’ एवढं एक वाक्य काउंटरवर शांतपणे म्हटलं, तर समोरचा आवाज खाली येतो. काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहून हे मी पुढे दोन-तीनदा अनुभवलं.

त्या दिवशी मात्र मी काही बोललो नव्हतो. पुढच्या शुगरवाल्याला आत घेतलं. त्या मुलाची पावती दिवसभर काउंटरवरच पडून होती. नाव, वय, मोबाईल, तपासणी, सगळं वाचता येईल असं. संध्याकाळी लॅब बंद करताना ती उचलून खिशात घातली. फोन करावा, पैसे तरी परत घेऊन जा म्हणावं, असं वाटलं. नंबर दाबलाही. मग लक्षात आलं, हा फोन त्याच्याच हातात असेल की घरातल्या कुणाच्या, मला ठाऊक नव्हतं. मी कट केला.